खरी कॉर्नर ते खिद्रापूर

कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत खरी कॉर्नर नावाचा चौक आहे. तेथे उभारलेल्या स्मारकाला कॅमेरा मानस्तंभ म्हणतात. मानस्तंभ हा शब्द जिनमंदिरासमोरच्या उंच स्तंभासाठी वाचकांच्या नित्य परिचयाचा. एका यंत्राच्या सन्मानार्थ तो शब्द योजणारे शहर महाराष्ट्रात दुसरे नसावे. चौकातली रहदारी मात्र त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही. परगावचा पाहुणाही महालक्ष्मीचे दर्शन आटोपून भवानी मंडपावरून रंकाळ्याकडे वळतो आणि हा चौक त्याच्या यादीबाहेर राहतो. घरात पहिला चांगला कॅमेरा घेण्याचा विचार चालू असेल, तर मात्र कोल्हापूरची फेरी येथूनच सुरू करावी.

हे स्मारक ज्यांच्यामुळे उभे राहिले ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, 1890 साली कोल्हापुरात जन्मले. ते आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचे चित्रपट पाहिल्यावर दोघांना हलत्या चित्रांचा ध्यास लागला, पण त्यासाठी लागणारा कॅमेरा विलायतेहून यायचा, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सोपे नव्हते. तेव्हा तो येथेच घडवायचा असे ठरले. आनंदराव 1916 मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम तडीस नेले आणि 1918 च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू लागला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या आर्थिक पाठबळावर. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. दामले, फत्तेलाल, शांताराम ही पुढे ‘प्रभात’ काढणारी मंडळी याच कंपनीत तयार झाली.

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या कंपनीच्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली. जे हाती आहे ते तुकड्यांच्या स्वरूपात. कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र उरलेले नाही. दुकानात जाऊन ‘कोणता कॅमेरा चांगला?’ असे विचारण्याआधी घरात एक प्रश्न विचारून घ्यावा, आणि तो या चौकात आपोआप सुचतो: यंत्र घेऊन कोणती चित्रे राखायची आहेत? या एका उत्तरावर पुढची सारी खरेदी अवलंबून असते.

प्रत्यक्षात घडते ते निराळे. गुळाची अडत, कापडाची पेढी किंवा गुजरीत सराफी असलेल्या घरात मुलगा वा सून चांगल्या कॅमेऱ्याची गोष्ट काढते. वडीलधारे विचारतात, “फोनमध्ये निघतात की फोटो!” मग चाळीस-पन्नास हजारांची मर्यादा ठरते आणि मंडळी शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत जाऊन पहिला प्रश्न करतात तो किती मेगापिक्सेल आहेत याचा. कापड घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाने पोत न पाहता केवळ पन्हा विचारावा, तसा हा प्रकार आहे. आज बाजारातल्या साध्यात साध्या एसएलआर कॅमेऱ्यातही चोवीस मेगापिक्सेलच्या आसपास क्षमता असते आणि भिंतीवर लावायच्या मोठ्या चित्रालाही ती पुरून उरते. तो आकडा आता भेद करणारा राहिलेला नाही.

एसएलआर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तेथून वर जाऊन पाच बाजूंच्या रचनेतून वळतो आणि डोळ्याशी येतो. म्हणजे पाहणारा लेन्समधूनच पाहत असतो. बटन दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच उजेड सेन्सरवर पडतो. पूर्वी सेन्सरच्या जागी फिल्म असे. त्या फिल्मवरचा थर जिलेटिनचा असे आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात, ही गोष्ट जुन्या हौशी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक होती. डिजिटल कॅमेऱ्यात तो थर नाही. मात्र लॅबमधून काढलेल्या छापील फोटोचा कागद पुष्कळदा अजूनही त्याच जातीचा असतो. ज्यांना हा विचार महत्त्वाचा वाटतो त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी आणि पट्टा घेतानाही चामडे टाळून कापडी वा नायलॉनचा माल मागावा. तो टिकतोही अधिक.

या कॅमेऱ्याचे दोन भाग, डबा आणि लेन्स, स्वतंत्र विकत घेता येतात. आणि व्यापारी घराला ज्यात रस वाटावा अशी गोष्ट येथेच आहे. डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक माल. नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत उतरते, आणि चार-पाच वर्षांत ती कोठल्या कोठे जाते. चांगली लेन्स जपून वापरली तर दहा-पंधरा वर्षे तसेच काम देते, आणि विकायला काढली तरी बऱ्यापैकी मोल आणते. एकाचा घसारा मोठा, दुसरीचा लहान. असे असूनही पहिल्यांदा घेणारा सगळी रक्कम डब्यावर घालतो आणि लेन्स म्हणून खोक्यात जे येईल त्यावर समाधान मानतो. उलट करावे. डबा साधा, शक्य तर एक पिढी मागचा घ्यावा आणि वाचलेले पैसे दुसऱ्या लेन्ससाठी ठेवावेत.

येथे एक रास्त शंका निघते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी 2018 पासून नव्या कामाचा भर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर दिला आहे. मग आरशाचा कॅमेरा घेणे म्हणजे बुडत्या पेढीत ठेव ठेवणे नव्हे काय? भीती अगदी निराधार नाही. पण याच बदलामुळे लग्नसमारंभाचे छायाचित्रकार आपले चांगले एसएलआर आणि लेन्स विकून मोकळे होत आहेत, आणि शिकणाऱ्याला पूर्वी परवडत नसलेला माल हाती येतो आहे. शिवाय दोन्ही कंपन्यांच्या जुन्या लेन्स जोडकडे लावून नव्या कॅमेऱ्यांवर चालतात. म्हणजे ठेव बुडत नाही, दुसऱ्या खात्यात वर्ग होते.

वर्ग होताना काही अटी मात्र पाहाव्या लागतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स लहान सेन्सरच्या एसएलआरसाठीच असतात, मोठ्या सेन्सरच्या एसएलआरवर त्या बसत नाहीत. ईएफ लेन्स दोन्हींवर बसतात. निकॉनच्या सुरुवातीच्या वर्गातल्या, म्हणजे 3000 आणि 5000 मालिकेच्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. तिथे जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर फोकस हाताने करावा लागतो. दुकानदार हे प्रत्येक वेळी सांगतोच असे नाही, आणि लहान मुलाच्या वाढदिवशी ते कळले तर उपयोग नसतो.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले याचा आकडा मागावा. सुरुवातीच्या वर्गातल्या कॅमेऱ्याच्या शटरचे आयुष्य साधारण एक लाखाच्या घरात धरतात, आणि लग्नसराईचा एकच हंगाम त्यातले पुष्कळ खाऊन टाकतो. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात का तेही पाहावे. ती बुरशी होय, आणि कोल्हापूरकडच्या पावसात ती लेन्सची पहिली शत्रू आहे. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटातल्या कपड्यांत गुंडाळून ठेवणे म्हणजे तिला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागते; पुड्यांचा रंग पालटला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. नव्या मालाचे पक्के बिल घ्यावे. बिनबिलाचा, परस्पर आयात केलेला कॅमेरा दोन-चार हजारांनी स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची हमी नसते. धंद्याच्या कामासाठी घेतला तर जीएसटीचे क्रेडिट मिळू शकते. तोच कॅमेरा पुढे मुलांबरोबर महाबळेश्वरला गेला की हिशेबनीस काय म्हणतो, हा प्रत्येक पेढीचा अंतर्गत प्रश्न.

आता लेन्सकडे वळावे, आणि त्यासाठी दुकान सोडून गावात फिरावे. कॅमेऱ्याबरोबर येणारी 18 ते 55 मिलिमीटरची लेन्स घेऊन सायंकाळी रंकाळ्यावर जावे. या लेन्सला नाके मुरडण्याची जाणकारांत पद्धत आहे, पण शिकणाऱ्याला तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. 18 वर ठेवली की तळ्याची कड, शालिनी पॅलेस आणि वरचे ढग एकत्र येतात. 55 वर नेली की पाण्याच्या काठचा एकटा माणूस वेगळा निघतो. संध्यामठाची इमारत पाण्यात उभी दिसते. शाहू महाराजांच्या काळातले चित्रकार आबालाल रहिमान यांनी हा परिसर आणि त्यावरचा उजेड किती तरी चित्रांत रंगवला. जागा तीच, प्रहर निराळा. कॅमेरा घेणाऱ्याने पहिला महिनाभर एवढेच करावे: एकाच जागी सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला जाऊन पाहावे. दुपारचे चित्र फिके का येते याचे उत्तर त्यातून मिळेल आणि ते कोणत्याही पुस्तकापेक्षा पक्के बसेल.

उजेडाचा याहून मोठा धडा महालक्ष्मीच्या मंदिरात मिळतो. देवीचे मुख पश्चिमेला आहे. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 या आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या तारखांना मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून शिरून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. क्षितिजावर धुरकट हवा असली की सोहळा अर्धवट राहतो. त्या वेळी गाभाऱ्यासमोर कॅमेरा काढू नये, डोळ्यांनीच पाहावे. काही मिनिटांत उजेड किती सरकतो आणि किती उतरतो, हे एकदा पाहिलेला माणूस शटरवर बोट ठेवून ताटकळत नाही.

मंद उजेडाचा प्रश्न आला की 18-55 लेन्स हात टेकते. तिचे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, 55 वर असताना फार तर 5.6 पर्यंत उघडते. येथे आकडा लहान तितके छिद्र मोठे, हा उलटा हिशेब नवख्याला गोंधळवतो. 50 मिलिमीटरची 1.8 ॲपर्चरची लेन्स त्याच जागी नऊ-दहा पट उजेड आत घेते. सायंआरतीच्या वेळी पहिल्या लेन्सला एक अष्टमांश सेकंद लागत असेल आणि माणसे हललेली येत असतील, तर दुसरी तेच काम सुमारे एक ऐंशीांश सेकंदात करते. पूजाविधान, पंचकल्याणक महोत्सव, चातुर्मासातली प्रवचने, वर्षीतपाचे पारणे, घरातले डोहाळजेवण, या सर्व ठिकाणी फ्लॅश म्हणजे उपद्रव. त्यागी आणि साधुसंतांसमोर तर तो अविनयच. दिव्याच्या उजेडात, फ्लॅशशिवाय आणि दोन हात दूर राहून काम करता यावे यासाठी ही लहानशी लेन्स घ्यावी. ती दोन्ही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी आहे, तरी पहिल्या दिवशी ती मागणारे गिऱ्हाईक क्वचितच आढळते. लहान सेन्सरवर तिचा दृष्टिकोन साधारण 75 ते 80 मिलिमीटरइतका अरुंद होतो, म्हणून लहानशा खोलीत साऱ्या कुटुंबाचा फोटो तिच्याने निघणार नाही; आजीचा एकटीचा मात्र असा निघेल की तो पुढे भिंतीवर लागेल.

लांबचे टिपणाऱ्या लेन्सचा मोह मुलांना फार. खासबाग मैदानात त्याची परीक्षा करावी. शाहू महाराजांच्या काळात बांधलेल्या या कुस्तीच्या मैदानात मधोमध आखाडा आणि भोवती चढती बैठक आहे. वरच्या बाजूला बसून 55-250 ची लेन्स पूर्ण लांबवली की मल्लाच्या खांद्यावरची माती दिसते. पण दिवे लागल्यावर तिचे अपुरे ॲपर्चर आड येते. पकड वेगाची, शटरला वेळ हवा जास्त, आणि चित्र अस्पष्ट. तिथे पुढे बसून 50 ची लेन्स लावणारा शहाणा ठरतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात गवा पाहायला जाणाऱ्याला लांब लेन्स हवीच. वर्षातून एकदा जाणाऱ्याने ती भाड्याने घ्यावी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मात्र कोणतीही लेन्स बदलू नये. गुलाल हवेत असताना डबा उघडला तर तो सेन्सरवर बसतो, आणि सफाईचा खर्च यात्रेच्या खर्चाहून अधिक येतो.

गुजरीतल्या सराफांचा प्रश्न आणखी वेगळा. कोल्हापुरी साज किंवा ठुशी गिऱ्हाईकाला फोनवर पाठवायची, तर मण्यांवरचे काम दिसले पाहिजे. त्यासाठी मॅक्रो म्हणतात ती जवळचे टिपणारी लेन्स लागते आणि लेन्सइतकाच एक पांढरा पडदा आणि खिडकी. सोन्यावर थेट दिवा मारला की ते पितळेसारखे दिसते. हा खर्च हौसेच्या खात्यात न धरता दुकानाच्या खात्यात धरावा.

कोल्हापूरहून हातकणंगल्याच्या बाजूला कुंभोजचा बाहुबली डोंगर आहे. तेथे 1963 मध्ये प्रतिष्ठापना झालेली भगवान बाहुबलींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. बहुतेक वाचकांच्या घरी तेथे काढलेला एखादा फोटो असेलच, आणि बहुधा त्यात दोन दोष असतील. पहिला, मूर्ती पांढरी न येता राखाडी आलेली असते. कॅमेऱ्याचा उजेडमापक समोरचे जग मध्यम करडे आहे असे धरून चालतो. समोर सारे शुभ्र आले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडवतो. म्हणून अशा वेळी कॅमेऱ्यावरचे अधिक-उणेचे बटन एक ते दीड अंश अधिककडे न्यावे. शुभ्र वस्त्रे नेसून पूजेला बसलेल्या मंडळींचे फोटो मळकट का येतात याचेही हेच उत्तर आहे. फोनही ही चूक करतो, पण तो आपल्या मर्जीने दुरुस्ती करतो आणि पुष्कळदा संगमरवरावरची छिन्नीची नजाकत पुसून टाकतो.

दुसरा दोष उभे राहण्याच्या जागेचा. चरणांशी उभे राहून रुंद लेन्सने सारी मूर्ती एका चित्रात बसवता येते, परंतु पाय मोठे आणि मस्तक लहान होते. मूर्तिकाराने सांभाळलेले प्रमाण बिघडते. मागे सरकावे, जागा देईल तितके सरकावे, आणि 50 वर नेऊन टिपावे. सकाळी किंवा उतरत्या दुपारी ऊन तिरके असताना मुखावरची शांती उठून दिसते. भर दुपारी डोळ्यांखाली सावली पडते. येथे येणाऱ्या यात्रेकरूंची बस दुपारी बाराला पोचते आणि दीडला निघते, याला कोणत्याही लेन्सचा इलाज नाही.

पन्हाळ्याचे नाव येथे अपेक्षित असेल. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी सुंदरच आहेत, पण तेथे जो तो जातो आणि कॅमेराही तेथे फारसा अडत नाही. तो खरा अडतो खिद्रापुरात. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, शिलाहारांच्या काळातले हे गाव. येथे कोपेश्वराचे प्रसिद्ध देऊळ आहे आणि आदिनाथांचे जुने जिनमंदिरही. कोपेश्वराच्या पुढ्यातल्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. सुमारे तेरा फूट व्यासाचे गोल आकाश वर उघडे, त्याखाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती 48 खांब. बाहेरच्या बाजूस पायथ्याशी गजपीठ आहे, दगडी हत्तींची रांग मंदिराचा भार पेलून उभी असावी तशी.

या मंडपात 18 मिलिमीटरही अपुरे पडते. वरचे वर्तुळ आणि खालची शिळा एका चित्रात घ्यायची तर 10 ते 18 ची रुंद लेन्स लागते. ही तिसरी लेन्स, आणि ती वर्षभरानंतरच घ्यावी. तिच्यापेक्षा अवघड प्रश्न उजेडाचा. वर झगझगीत आकाश, खाली काळा दगड. आकाश राखले तर खांब अंधारात जातात, खांब राखले तर आकाश पांढरेफटक होते. कुंभोजच्या उलट येथे मापक काळ्या दगडाला पाहून उजेड वाढवतो, म्हणून अधिक-उणेचे बटन आता उणेकडे न्यावे लागते. फोटो जेपेगऐवजी रॉ स्वरूपात घेतला तर पुढे संगणकावर सावल्या थोड्या उजळता येतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, तेव्हा खांबाला टेकून श्वास रोखणे हाच राजमार्ग. कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळावर येतो तेव्हा गर्दी लोटते. एरवी सकाळी नऊला मंडपात कबुतरांखेरीज कोणी नसते.

रुंद लेन्स वर्षभरानंतरच घ्यावी, असे म्हणण्याला कारण आहे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तारीख, शटरचा वेग, ॲपर्चर आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती हे सारे आपण होऊन लिहून ठेवतो. ही त्याची खतावणी. सहा-आठ महिन्यांनी ती संगणकावर उघडावी. बहुतेक फोटो 18 वर निघाले असतील तर रुंद लेन्सची गरज खरी. बहुतेक 55 ला अडकले असतील तर लांबची घ्यावी. आणि साऱ्या वर्षात फोटोच चाळीस निघाले असतील, तर फोन पुरेसा होता हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मान्य करून कॅमेरा विकून टाकावा. जुन्या वह्या न पाहता नवा माल भरणारा दुकानदार आणि खतावणी न पाहता लेन्स घेणारा हौशी, दोघांच्या फळीवर सारखीच धूळ बसते.

खिद्रापूरहून परतताना वाटेत सैनिक टाकळी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी ही कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातली गावे लागतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत हा सारा पट्टा पाण्याखाली होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी; दोन्ही वेळा पाणी तिच्या पुष्कळ वर गेले. घरे पुढे धुऊन निघाली, धान्य नवे भरले, वह्यांच्या नकला कर सल्लागाराकडून मिळाल्या. ट्रंकेतले फोटो मात्र ज्यांचे गेले त्यांचे गेलेच. पाणी लागले की फोटोच्या कागदावरचा थर फुगतो, एकमेकांना चिकटतो, आणि वेगळे करू जाता चेहराच निघून येतो.

म्हणून नव्या कॅमेऱ्याचे पहिले काम जुने फोटो टिपणे हे असावे, आणि ते पहिल्या पावसाळ्याआधी. यासाठी नवी खरेदी लागत नाही. ती 50 ची लेन्स पुरते. उत्तरेकडच्या खिडकीजवळ, जिथे थेट ऊन येत नाही, पाट ठेवावा. त्यावर काळे कापड, कापडावर फोटो. अल्बममधला चिकटलेला फोटो उपटू नये, पानासकट टिपावा. काच असेल तर चौकट उघडून काच बाजूला करावी, नाहीतर टिपणाऱ्याचेच प्रतिबिंब आजोबांच्या फेट्यावर उमटते. कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर वरून, फोटोला समांतर धरावा, ॲपर्चर 8 वर, आयएसओ 100 वर ठेवावा, फ्लॅश बंद, आणि बटन बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. एका रविवारी दोघेजण बसले तर शंभर-दीडशे फोटो सहज होतात. त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यातले एक ठिकाण नदीपासून दूरच्या गावी, पुण्या-मुंबईच्या किंवा सासरच्या घरी असावे.

घरातले सर्वांत वयस्कर माणूस या कामाला शेजारी बसवून घ्यावे. कोण कोणाची आत्या, दुकानाच्या पायरीवर उभा असलेला मुनीम कोणत्या गावचा, मागची बैलगाडी कोणाची, हे सांगणारे तेच. आणि प्रत्येक फोटो टिपून झाला की तो उलटा करून पाठही टिपावी. तेथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी सालही असते, आणि कोणा पणजोबांनी पेन्सिलीने मोडीत लिहून ठेवलेले एखादे नाव, जे वाचणारा अजून गावात कोणी तरी आहे.